किर्द

पहिल्या पानावर निळी शाई. दाभोळ, जानेवारी त्र्याहत्तर.
अक्षर सुभेदार धोंडू कासारेंचं,
प्रत्येक ओळ सावधान उभी, विश्राम कुठेच नाही.
जमा : सभासद एकतीस, वर्गणी दोन-दोन रुपये.
खर्च : ही वही, एक रुपया चाळीस पैसे.
टेबल खाडीपलीकडून आणलं, तरीवाल्याने भाडं घेतलं नाही,
तेही लिहिलंय, रकान्यात शून्य काढून.

मी अनंत भाटकर. चौथा खजिनदार.
नौदलात बावीस वर्षं स्टोअर सांभाळलं,
तिथे हरवलेल्या स्क्रूचीही चौकशी बसायची.
इथे माणसं हरवतात, आणि मी वर्गणीची ओळ कमी करतो.

तेव्हा सोपं होतं.
सव्वीस जानेवारीला जेटीवरच्या लिलावात
टोपलीमागे चार आणे मंडळाला.
खारवी बायका नाणं पदराला पुसून द्यायच्या,
तरी पेटीला वर्षभर बांगड्याचा वास.
मग लिलाव हर्णैला गेला.
वास जायला आणखी दोन वर्षं लागली.

मिळकत : तीन माड, बक्षीसपत्राने.
ऑडिटर म्हणाला, घसारा लावा.
म्हटलं, साहेब, माड वाढतो.
म्हणाला, कागदावर नाही वाढत.
वादळाच्या साली एक मुळासकट आडवा झाला,
तेव्हा त्याची पुस्तकी किंमत
अडुसष्ट पैसे उरली होती.

बँक किमान शिल्लक नाही म्हणून दंड कापते.
शिल्लक नसल्याचा दंड, शिल्लकेतून.
दोनदा अर्ज केला. मॅनेजर पोरगा चांगला आहे, चहा पाजतो.

वाढतं ते एकच खातं, पुष्पचक्राचं.
पहिलं शहात्तरला, बारा रुपये : नाईक इब्राहीम परकार.
समासात कासारेंची बारीक नोंद :
चक्र नव्हे, फुलांची चादर. दर तोच.
आता दापोलीहून येतं, सातशे, वर एसटीचं पार्सल.
माणूस गेला की जमेतून वर्गणी जाते
आणि खर्चात चक्र येतं,
दोन्ही बाजूंना तोच एक माणूस.

ठराव चौदा, जून सत्त्याऐंशी.
चंद्रभागा मोहिते. नवरा सिग्नलमध्ये होता, परत आला नाही.
तीनशे रुपये, कौलांसाठी.
मदत. परतफेड नाही. खाली दोन रेघा.
पुढच्याच महिन्यापासून तिचे दहा रुपये.
समासात : बाईंना समजावले. म्हणाल्या,
"उसनं मीठबी कुनी ठेवून घेत नाय."
तीस महिन्यांत फिटले.
एकतिसाव्यालाही दहा.
वसुली म्हणावी तर कर्ज नव्हतं,
देणगी म्हणावी तर तिने पावती घेतली नाही.
इतर जमा. इतर जमा. सतरा वर्षं.
एका रात्री बेरीज केली, दोन हजार चाळीस.
जुलै दोन हजार चारला ओळ थांबते.
खर्चाची बाजू मी पुढून पाहिली, मागून पाहिली.
चक्र नाही. चादर नाही.
नियम सात : पुष्पचक्र फक्त सभासदास.

आता आम्ही सात. सभेला चार आलो,
कोरमसाठी अर्धा तास घड्याळ बघत बसलो.
मी विषय मांडला.
मुकादम, टॉर्पेडोवाला, कानामागे हात धरून म्हणाला, मोठ्याने वाच.
मोठ्याने वाचलं, ठराव चौदापासून.
कुणी नियम सात काढला नाही.
खाली फेरीबोटीने भोंगा दिला, गाड्या चढत होत्या.

आज लिहिलं :
पुष्पचक्र, एक. रुपये सातशे. थकबाकी, वीस वर्षं.
ऑडिटर विचारेल, कुणासाठी, कुठल्या नियमाने.
समास मोकळा ठेवलाय.
ठेवायचं कुठे ते अजून ठरत नाही.
घर विकलं गेलं, कौलं मात्र तीच आहेत म्हणतात.
उद्या बघून येतो.
जाण्यायेण्याचं भाडं माझं मी.